समोरच्या दुकानाकडे पाहताना

दर आठवड्याला या पानावर मी आपल्याशी घरखर्चाविषयी, विम्याविषयी, मुलांच्या फीविषयी आणि क्वचित लग्नातल्या मानपानाच्या हिशेबाविषयी बोलत असतो. दिवाळी अंकात मात्र संपादक मला थोडी ऐसपैस जागा देतात आणि बजावतात, की "या वेळी काहीतरी खुसखुशीत येऊ द्या." खुसखुशीतपणा चकलीला शोभतो, आणि आमच्या घरी ते खाते माझ्याकडे नाही. तेव्हा यंदाचा विषय तसा रुक्षच आहे : नव्या यंत्रविद्येच्या धंद्यात प्रतिस्पर्ध्याची पारख कशी करावी. पण गृहिणींनी एवढ्यात पान उलटू नये. ही गोष्ट यंत्रांची कमी आणि एका घराच्या कागदपत्रांची अधिक आहे. आणि ते घर माझ्या थोरल्या बहिणीचे आहे.

मी नांदेडचा, ताई लातूरची. ही दोन गावे म्हणजे एका पंगतीत बसून एकमेकांच्या वाटीकडे पाहणारे भाऊ. शिकवण्या कोठल्या चांगल्या, सोयाबीनला भाव कोठे अधिक, विभागीय आयुक्तालय कोणाच्या गावी व्हावे, या वादांत आमच्या आणि ताईच्या घरचे किती दिवाळसण खर्ची पडले याची गणती नाही. सांगायचे एवढेच, की शेजाऱ्यावर नजर ठेवण्याचे शिक्षण आम्हां मराठवाड्यातल्या माणसांना लहानपणीच मिळते. ती नजर योग्य ठिकाणी असते की नाही, हा प्रश्न वेगळा.

गेल्या भाऊबीजेला नेहमीप्रमाणे एस.टी.ने निघालो. लोहा गेले, अहमदपूर गेले, चाकूरला चहा झाला. रस्त्याच्या दोन्ही अंगांना तूर फुलावर आली होती. लातूरला पोचलो, ओवाळणी झाली, जेवणे झाली. पान खाऊन आडवा होणार, तोच ताईने माझ्यापुढे एक फाईल आणून ठेवली. आत बँकेच्या कर्जाचा अर्ज होता, अठरा लाखांचा. आणि त्याखाली घराचे खरेदीखत.

हे घर आमच्या भाऊजींनी बांधले. ते शाळामास्तर. १९९३ साली किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा त्यांच्या भाड्याच्या खोलीची भिंत फाटली. त्यानंतर प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढून त्यांनी हे दोन खोल्यांचे घर उभे केले आणि "पलंग नंतर घेऊ" म्हणून भिंतींत लोखंड जास्त घातले. भाऊजींना जाऊन सहा वर्षे झाली. पलंग अजून साधाच आहे. घर पक्के आहे.

कर्ज हवे होते भाच्याला. हा मुलगा चार वर्षे आमच्याकडे राहून विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकला. मामीच्या हातच्या धपाट्यांवर वाढलेला इंजिनिअर आहे तो. पुण्यात दोन वर्षे नोकरी करून परत आला आणि लातूरच्या एम.आय.डी.सी.त भाड्याची शेड घेऊन त्याने चार मुलांना हाताशी धरून एक धंदा मांडला. तो बनवत होता शेतातल्या मोटारीचा मोबाईल स्टार्टर.

शहरातल्या वाचकांना हे प्रकरण समजावून सांगितले पाहिजे. शेतीची वीज पाळीने येते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली, की शेतकऱ्याने बॅटरी घेऊन, साप-विंचवाचा विचार न करता, बांधावरून विहिरीपर्यंत जायचे आणि बटण दाबायचे. लाईट गेली की घरी यायचे, आली की पुन्हा जायचे. यावर तोडगा म्हणून मोटारीच्या पेटीशेजारी एक डबा बसवतात. डब्यात मोबाईलचे सिमकार्ड असते. शेतकऱ्याने घरी अंथरुणातून फोन लावला की मोटार सुरू होते, पुन्हा लावला की बंद होते. विहिरीत पाणी नसेल किंवा तीनपैकी एक फेज गेली असेल, तर डबा मोटार जळू देत नाही. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी 'नॅनो गणेश' नावाने ही युक्ती पुष्कळ आधीच शेतापर्यंत नेली होती. नंतर गावोगावी असे डबे करणारे निघाले. आमचा भाचा त्यांतला एक.

"मामा, सगळं जमून आलंय," तो म्हणाला. "फक्त तो पलीकडच्या शेडमधला माझ्यापेक्षा सातशे रुपयांनी स्वस्त विकतो. मी एकदम दोन हजार डब्यांचे सुटे भाग घेतले, की मला माल स्वस्त पडतो. मग मी त्याच्याही खाली दोनशेनं उतरतो. सहा महिन्यांत त्याला शटर ओढावं लागेल बघा."

"आणि नाही ओढलं तर?"

"कामून नाही ओढणार?"

या 'कामून'ला माझ्याकडे लगेच उत्तर नव्हते. रात्री ताई पाण्याचा तांब्या ठेवायला आली आणि दारातच थांबली. म्हणाली, "सही कर म्हणतोय. करीनही मी. एकुलता एक आहे. पण तू बँकेत जन्म काढलास. परक्याच्या मुलाचा कागद असता तर काय सांगितलं असतंस, तेवढंच मला सांग."

त्या रात्री मला झोप आली नाही. ताईच्या शब्दांनी एक जुना परका मुलगा आठवला होता.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नांदेडला एका तरुणाचा एस.टी.डी. बूथ चांगला चालत असे. रात्री दर उतरले की बाहेर रांग लागायची. त्याने दुसऱ्या बूथसाठी कर्ज मागितले. पाहणी माझ्याकडे आली. मी दोन दिवस पायी हिंडून अर्ध्या मैलातला प्रत्येक बूथ मोजला, कोणाकडे किती गिऱ्हाईक ते संध्याकाळी उभे राहून टिपले, आणि असा सुबक अहवाल लिहिला की वरिष्ठांनी पाठ थोपटली. कर्ज मंजूर झाले. भारतातला पहिला मोबाईल फोन ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्ता आणि दिल्ली यांच्यामध्ये लागला होता. ती बातमी मी वाचली होती आणि वर्तमानपत्र घडी करून ठेवून दिले होते. २००३ मध्ये येणारे फोन फुकट झाले आणि मोबाईल हमाला-रिक्षावाल्यांच्या खिशात गेला. त्या तरुणाच्या काचेच्या खोलीत पुढे पानपट्टी झाली. शेवटचे हप्ते त्याने बायकोच्या पाटल्या मोडून भरले. बँकेचे पैसे बुडाले नाहीत, म्हणून माझ्या नोंदीला डागही लागला नाही. मी बूथ सगळे बरोबर मोजले होते. मोजायला हवा होता तो खिशातला फोन.

सकाळी मी मुक्काम तीन दिवसांनी वाढवल्याचे जाहीर केले, भाच्याच्या हिशेबाच्या वह्या मागवल्या आणि एका कोऱ्या पानावर पाच रकाने आखले.

हे पाच रकाने माझ्या अकलेचे नाहीत. हार्वर्डचे प्राध्यापक मायकेल पोर्टर यांनी १९७९ साली एक लेख लिहून धंदेवाल्यांना सांगितले, की तुमचा नफा खाणारा केवळ समोरचा दुकानदार नसतो. पाच जण असतात. मी ते पाच जण आपल्या भाषेत असे लिहिले : भाऊबंद, नवा पाहुणा, माल देणारा, माल घेणारा आणि दुसरी वाट. भाचा म्हणाला, "हे परीक्षेला होतं आम्हाला." मी म्हटले, "परीक्षेला होते म्हणून विसरलास." मग त्याला लातूरच्याच गंजगोलाईचे उदाहरण दिले. गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. तिथला दुकानदार समोरच्या दुकानात कोण शिरते ते दिवसभर पाहत बसतो. पण गिऱ्हाईक समोर न जाता तिसऱ्याच रस्त्याने निघून गेले, तर त्याला दिसणार कसे?

पहिला रकाना भाऊबंदांचा. येथे भाच्याने आपली एक युक्ती सांगितली. पलीकडच्या शेडमधला एक मुलगा फोडायचा आणि त्याच्याकडून गिऱ्हाइकांची यादी काढायची. मी त्याला स्पष्ट सांगितले, "चोरीच्या यादीवर उभा राहणारा धंदा असेल, तर मी आजच्या गाडीने नांदेडला जातो." शिवाय त्याची गरजही नसते. प्रतिस्पर्ध्याविषयी जे कळायला हवे ते बहुतेक सगळे उघड्यावर पडलेले असते. वेचण्याचा कंटाळा असतो म्हणून लोक चोरीकडे वळतात. कंपनी असेल तर तिचे ताळेबंद सरकारदरबारी दाखल होतात आणि थोडी फी भरून कोणालाही पाहता येतात. पेटंटचे अर्ज छापून प्रसिद्ध होतात. नोकरीच्या जाहिरातीवरून कोणता कारखाना पुढच्या वर्षी काय करणार ते ओळखता येते. आणि वस्तू तर बाजारात विकतच मिळते.

आम्ही दुकानात जाऊन पूर्ण पैसे देऊन त्या माणसाचा डबा विकत आणला आणि ताईच्या ओट्यावर वर्तमानपत्र पसरून उघडला. भाच्याचाही एक डबा शेजारी उघडून ठेवला. ताई भाजी निवडता निवडता पाहत होती. म्हणाली, "दोन्ही आतून सारखेच दिसतात की रे."

बाईमाणसाला वायरिंग काय कळते असे म्हणणाऱ्यांनी हे वाक्य ध्यानात ठेवावे. फोनचा संदेश घेणारा, सगळ्यांत महागडा भाग दोन्ही डब्यांत एकाच चिनी बनावटीचा होता. फरक बारीक होते. त्याचा रिले हलका. विजेच्या लोळापासून राखणारा भाग त्याने गाळलेला. त्याची हमी एक वर्षाची, भाच्याची दोन. एकेका भागाची किंमत मांडली, तर त्याचा डबा चारशे रुपयांनी स्वस्त पडत होता. विकत होता सातशेने स्वस्त. म्हणजे उरलेले तीनशे तो पदरचे घालत होता. हे पाहून भाच्याला आनंद झाला. मला झाला नाही. जो माणूस पदरचे घालून विकतो, तो एकतर फार श्रीमंत असतो किंवा फार अडचणीत असतो; आणि दोन्ही प्रकारच्या माणसांशी दराची कुस्ती खेळू नये.

दुसरा रकाना नव्या पाहुण्याचा. मोटारीचे स्टार्टर बनवणारे मोठे कारखाने उद्या हीच सोय आपल्या पेटीत घालून देऊ लागले, तर वेगळा डबा कोण घेणार? भाच्याने हा विचार केला होता, पण "ते इतक्या लहान धंद्यात येणार नाहीत" म्हणून सोडून दिला होता. लहान धंद्यात मोठे येत नाहीत हे खरे. पण तो वाढू लागला की येतात, आणि आपण कर्ज काढतो ते तो वाढावा म्हणूनच.

तिसरा रकाना माल देणाऱ्याचा. डब्यातला तो चिनी भाग जुन्या टू-जी पद्धतीचा. जिओ कंपनी ५ सप्टेंबर २०१६ रोजी बाजारात उतरली ती फोर-जी घेऊनच. तिच्याकडे टू-जी नाहीच. म्हणजे भाच्याचा डबा काही थोड्या कंपन्यांच्या जुन्या यंत्रणेवर जगत होता, आणि ती यंत्रणा किती वर्षे ठेवायची हे लातूरमध्ये ठरणार नव्हते. फोर-जीचा भाग महाग. आणि दोन हजार डब्यांचा माल एकदम घ्यायचा, तो टू-जीचाच!

चौथा रकाना माल घेणाऱ्याचा. दुकानदार माल उधारीवर उचलतात, आणि शेतकरी दुकानदाराला पैसे देतो सोयाबीन विकल्यावर. सोयाबीनचा २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात भाव त्याच्या खालीच रेंगाळत होता. येणे लांबत होते. बँकेचा हप्ता मात्र महिन्याच्या महिन्याला येतो. तो सोयाबीनची वाट पाहत नाही.

पाचवा रकाना, दुसऱ्या वाटेचा, कोरा राहिला. भाचा म्हणाला, "मोबाईलला दुसरी वाट काय असणार, मामा? मोटार तर चालू करावीच लागणार ना."

तिसऱ्या दिवशी मी म्हटले, "चल, तुझी गिऱ्हाइके दाखव." त्याच्या मोटारसायकलीवर मागे बसून आम्ही अहमदपूर तालुक्यातल्या चार गावांना गेलो. माझ्या कमरेने त्याचा निषेध अजून मागे घेतलेला नाही. तीन गावांत डब्याची तारीफ झाली, चहा झाला. चौथ्या गावी एक म्हातारे शेतकरी बांधावर बसले होते. त्यांनी वर्षापूर्वी डबा बसवला होता. भाच्याने विचारले, "काका, चांगला चालतोय ना? मुलाच्या शेतातही बसवायचा म्हणत होता?"

"चांगला हाय की," ते म्हणाले. "पर आता कशाला? आता लाईट दिवसाच येऊ लागली. सोलारची. सकाळी येतो, बटन दाबतो, सांजच्याला बंद करून जातो. रात्रीचं यायचंच राहिलं नाही. पोराला तर सरकारचा सोलार पंप मंजूर झालाय, त्याच्यात समदं आतच असतंय म्हनं."

भाचा काही बोलला नाही. परत येताना चाकूरपर्यंत एक अक्षर बोलला नाही.

घरी आल्यावर आम्ही कागद काढले. सरकारने २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली. गावाजवळ सौर प्रकल्प उभारायचा आणि शेतीच्या फीडरला त्याची वीज दिवसा द्यायची, अशी ती कल्पना. २०२३ मध्ये तिचा दुसरा, मोठा टप्पा आला. २०१९ पासून केंद्राची कुसुम योजना आहे, आणि २०२४ मध्ये राज्याने 'मागेल त्याला सौर कृषी पंप' काढला; त्यात सर्वसाधारण शेतकऱ्याने किमतीच्या १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने ५ टक्के भरायचे. या पंपाचा कंट्रोलर पंपाबरोबरच येतो. यातले काहीच गुपित नव्हते. एस.टी. स्टँडावर त्याच्या जाहिराती लागल्या होत्या, आणि भाचा रोज त्यांच्यासमोरून जात होता.

मग त्याने स्वतःच्या विक्रीची वही गावांप्रमाणे लावली. आजवर ती महिन्यांप्रमाणे लावलेली होती. ज्या गावांत दिवसाची वीज आली होती तेथली मागणी गळत चालली होती. बाकीच्या गावांची वाढत होती. बेरीज सारखीच राहत असल्यामुळे वर काही दिसत नव्हते. पाचव्या रकान्यात त्याने आपल्या हाताने लिहिले : "दिवसा वीज."

वाचकहो, ज्याला रात्रीच्या अंधारावर चालणारा धंदा आहे त्याचा खरा प्रतिस्पर्धी सूर्य निघाला, यात काव्य आहे असे कोणी म्हणेल. ताईला त्यात काव्य दिसले नाही. ती फाईल उचलून आत घेऊन गेली.

असे लहानांचेच होते असे मात्र नाही. आमच्या मराठवाड्यातच, औरंगाबादजवळ, आता छत्रपती संभाजीनगरजवळ म्हणायचे, चितेगावला व्हिडिओकॉनचा मोठा कारखाना होता. त्यांच्या टी.व्ही.ने एके काळी घराघरांत मान मिळवला होता. पुढे कोरियाच्या सॅमसंग आणि एल.जी. या कंपन्या देशात आल्या. २००५ साली व्हिडिओकॉनने फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा पिक्चर ट्यूब बनवण्याचा जगभरचा धंदा विकत घेतला. जगातल्या मोठ्या ट्यूब-कारखानदारांत नाव आले. पण जग त्याच सुमारास फुगीर ट्यूब सोडून भिंतीवरच्या सपाट पडद्याकडे निघाले होते. त्या उद्योगसमूहाच्या पडण्याची कारणे पुष्कळ आहेत, टेलिफोनच्या धंद्याचेही आहे. आणि २०१८ मध्ये प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणापुढे गेले. तरी ट्यूबचा धडा आपल्यापुरता पुरेसा आहे. स्पर्धकांचे कारखाने विकत घेता येतात. गिऱ्हाइकाने सोडलेली वस्तू कितीही स्वस्तात मिळाली तरी महागच पडते.

उलट उदाहरणही आपल्याच घरचे आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या आरंभी लोखंडी नांगर केला, तेव्हा त्यांच्यापुढे विलायती नांगराचा नमुना होता. पण गिऱ्हाईक अडले होते ते विलायती नांगरापाशी नव्हेच. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्याची समजूत होती आणि वडिलोपार्जित लाकडी नांगर त्याच्या दारी उभा होता. पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षे गेली. खरा प्रतिस्पर्धी समजूत आहे हे ओळखून ज्याने वाट पाहिली, त्याच्या नावाचे गाव झाले.

येथे माझी गोष्ट संपती तर बरे झाले असते. पण तरुण रक्त! दुसऱ्या दिवशी न्याहारीला भाचा नवे पिल्लू घेऊन हजर. "मामा, डबा सोडतो. हरंगुळच्या रेल्वे कारखान्यासाठी वायरिंगचे जुडगे करतो. कर्ज तेवढंच लागेल."

लातूरकरांना या कारखान्याचा अभिमान आहे, आणि रास्त आहे. २०१८ साली काम सुरू झाले आणि २५ डिसेंबर २०२० रोजी पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला. आता वंदे भारतच्या शयनयान गाड्यांचे काम त्याच्या वाट्याला आले आहे. मी भाच्याला म्हटले, "छान. मग तेथल्या स्पर्धेची गोष्ट आधी वाचू." तीही उघड्यावरच होती. २०२३ च्या मार्चमध्ये २०० गाड्यांच्या निविदा उघडल्या. स्पर्धक पाच : रशियाची टी.एम.एच. आणि रेल विकास निगम यांची जोडी. भेल आणि टिटागढ. सीमेन्स आणि बी.ई.एम.एल.; फ्रान्सची अल्स्टॉम; स्वित्झर्लंडची स्टॅडलर आणि मेधा. रशियन जोडीने एका गाडीचे सुमारे १२० कोटी मागितले. दुसऱ्या क्रमांकाच्या भेल-टिटागढने मागितले होते सुमारे १४० कोटी. अट अशी, की पहिल्याला १२० गाड्या, आणि दुसऱ्याने पहिल्याच्याच दरात काम करायची तयारी दाखवली तर त्याला ८०. दुसऱ्याने ती दाखवली! १२० गाड्या, म्हणजे १,९२० डबे, लातूरकडे आले.

"बघा, केवढं काम!" भाचा म्हणाला.

"आता पुढे वाच," मी म्हटले. करार सप्टेंबर २०२३ मध्ये झाला. मग डब्यांच्या मांडणीत बदल निघाले, प्रसाधनगृहांचा प्रश्न निघाला, वेळ गेला. दरम्यान, या निविदेत हरलेल्या बी.ई.एम.एल.ने दुसऱ्या एका लहान कामातून बंगळूरला बनवलेली शयनयान गाडीचा पहिला नमुना सप्टेंबर २०२४ मध्ये लोकांसमोर उभाही केला. जिंकलेला मागे आणि हरलेला पुढे. या पाचांकडे वाट पाहण्याची ताकद होती. गाडीमागे वीस कोटींनी चुकले तरी त्यांच्या आईला घर सोडावे लागत नाही. रेल्वेचा माल द्यायचा तर आधी मान्यताप्राप्त पुरवठादारांच्या यादीत नाव यावे लागते, तपासण्या होतात, नमुने जातात. तोवर अठरा लाखांचे व्याज कोठून आणणार? लहान कारखानदाराचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत असा २००६ चा कायदा आहे; पण कायद्याने पैसे मागायला जाण्याआधी माल तर घेतला गेला पाहिजे.

भाचा बराच वेळ पोहे चिवडत बसला. मग म्हणाला, "मग मी करू काय?"

खरे सांगतो, याचे उत्तर मला ठाऊक नव्हते. बँकेतल्या माणसाला 'नको' म्हणता येते. 'हे कर' म्हणणे त्याचे काम नव्हते. उत्तर त्यानेच काढले, आणि तेही त्या पाच रकान्यांतून. त्याच्याकडे कोणती गोष्ट अशी आहे की जी मोठ्या कारखान्याकडे नाही? डबा नव्हे. शेकडो शेतकऱ्यांकडे असलेला त्याचा फोन नंबर, आणि मोटार बिघडली की पहाटे येणारा त्याचा मुलगा. सौर पंप बसवणाऱ्या कंपन्या लांबच्या. पंप बंद पडला की शेतकरी हेलपाटे घालतो. भाच्याने त्यांच्यापैकी एकीशी बोलून दुरुस्तीचे काम घेतले. डबे त्याने थांबवले नाहीत. जेथे रात्रीची पाळी अजून आहे तेथेच, आगाऊ पैसे घेऊन, थोडे थोडे करतो. दोन लाखांची उपकरणे लागली. ती त्याने स्वतःच्या शिलकीतून आणि माझ्याकडून हातउसने घेऊन आणली. (ताईला यातला दुसरा भाग आत्ताच कळत आहे.)

भरभराट झाली असे लिहिले तर खोटे होईल. चार मुलांपैकी दोघेच राहिले. मिळकत मागच्या वर्षाहून कमी आहे. पण हप्ता नाही, आणि तो रात्री झोपतो.

एक गोष्ट राहिली. जानेवारीत पलीकडच्या शेडचे शटर खरोखरच ओढले गेले. सहा महिनेसुद्धा लागले नाहीत, आणि भाच्याने दोनशे रुपये उतरवलेही नव्हते. तो त्या माणसाला भेटायला गेला. तेव्हा कळले, की त्यानेही कर्ज काढले होते, घरावर; आणि तो दर पाडत होता तो आमच्या भाच्याला बंद पाडण्यासाठी. दोघेही एकमेकांच्या शटरकडे पाहत बसले होते आणि दोघांच्याही माथ्यावर ऊन चढत होते. आता तो माणूस भाच्याकडे कंट्रोलर दुरुस्तीला येतो, रोजाने. हात फार चांगला आहे म्हणतात. त्याचे घर सुटेल की नाही, हे अजून ठरलेले नाही.

आपल्या घरातही कोणी मुलगा, पुतण्या, जावई असा एखादा कागद घेऊन येईल. यंत्र कोणते ते आपल्याला समजण्याची गरज नाही. त्याला इतकेच विचारावे : ही वस्तू घेणाऱ्याची कोणती अडचण दूर होते? ती अडचणच उद्या नाहीशी झाली तर? समोरचा स्वस्त विकतो तो कशाच्या जोरावर? तुझा माल कोणाच्या हातात अडकलेला आहे? आणि पैसे यायला सोयाबीन विकेपर्यंत थांबावे लागले, तर घरात कोण थांबणार? या प्रश्नांची उत्तरे तो खोलीत बसून देऊ लागला, तर त्याला मोटारसायकल काढायला सांगावे आणि मागे बसावे. कमरेची काळजी मागाहून घेता येते.

यंदाही भाऊबीजेला लातूरला जायचे आहे. ताईचा परवा फोन आला होता. म्हणाली, "ये. फाईल कपाटात आहे. यंदा काही पाहायला लावणार नाही." मी म्हटले, "ओवाळणी काय घालू?" तर म्हणाली, "पलंग घे एक चांगलासा. तुझ्या भाऊजींचं तेवढंच राहिलंय."